लीडरशिप आणि टीम बिल्डिंग ट्रेनिंगचा रिव्ह्यू: पहिला दिवस सोडा, दुसरा घ्या

ऑफिसने आमच्या अख्ख्या टीमला दोन दिवसांच्या लीडरशिप आणि टीम बिल्डिंग ट्रेनिंगला पाठवलं होतं, त्याचा हा रिव्ह्यू. ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाहीये, कारण हे पॅकेज हल्ली बरेच जण विकतात आणि सगळ्यांच्या ब्रोशरवर तेच हातावर हात ठेवलेले हसरे चेहरे असतात, त्यामुळे नावापेक्षा आतला माल काय आहे ते सांगितलेलं बरं. तुमच्या एचआरने असलं काही ठरवलं असेल किंवा तुम्हीच टीम लीड असाल आणि वर्षअखेरीस बजेट उरलंय म्हणून बुक करायच्या विचारात असाल तर आधी वाचा मग ठरवा.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिला दिवस जवळपास वाया. दुसऱ्या दिवशी ट्रेनर बदलल्या आणि त्या दिवशी जे झालं ते मात्र खरंच कामाचं होतं, इतकं की नुसता तोच एक दिवस वेगळा विकत असते तर मी पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळी झाले असते.

पहिल्या दिवसाचे ट्रेनर म्हणजे एकदम जोशात बोलणारे सर, माईक तोंडाला चिकटलेला, दर दहा मिनिटांनी "एनर्जी कमी पडतेय" म्हणून टाळ्या वाजवायला लावणार. सुरुवात आइसब्रेकरने, मग लगेच पर्सनॅलिटी टेस्ट. मायर्स ब्रिग्जच्या सोळा टाईपवाल्या धर्तीवरची होती, प्रश्नांची उत्तरं द्या मग चार अक्षरं मिळणार, मग ती अक्षरं बॅजवर लावून फिरायचं. मजा आली हे खरं, पण त्यावरून "हा प्लॅनर आहे म्हणून ह्याला शेड्यूल द्या, ती इंट्रोव्हर्ट आहे म्हणून तिला क्लायंटसमोर नेऊ नका" इथपर्यंत सर पोचले तेव्हा डोक्यात सणक गेली. ह्या टेस्टवरचा जुना आक्षेपच हा आहे की काही आठवड्यांनी तोच माणूस परत बसला तर बऱ्याच जणांचा टाईप बदललेला असतो. टेस्ट विकणारे स्वतःसुद्धा सांगतात की ही माणूस निवडायला वापरू नका. गप्पांना विषय म्हणून ठीक आहे हो, पण लोकांना कामं वाटून द्यायला नाही. आणि आमच्या त्या "इंट्रोव्हर्ट" मुलीने दुसऱ्या दिवशी काय केलं ते पुढे येतंच.

मग स्लाइडवर तो प्रसिद्ध आकडा आला, बोलण्यातला फक्त ७ टक्के परिणाम शब्दांचा, ३८ टक्के आवाजाचा आणि ५५ टक्के चेहऱ्याचा, म्हणून म्हणे लीडरने बॉडी लँग्वेजवर मेहनत घ्यावी. हे मेहराबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून आलंय, आणि ते प्रयोग होते भावना ओळखण्यावर, म्हणजे शब्द एक सांगतोय आणि आवाज-चेहरा भलतंच सांगतोय तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो ह्यावर. त्यांनी स्वतःच स्पष्ट केलंय की हे सगळ्या संभाषणाला लागू नाही. नाहीतर विचार करा ना, परक्या भाषेतलं भाषण ऐकूनही आपल्याला ९३ टक्के समजायला हवं होतं. पण स्लाइड काही मरत नाही.

टीमच्या चार अवस्थांची स्लाइड पण होतीच, आधी एकत्र येणं, मग भांडणं, मग नियम बसणं, मग जोरात काम. टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं १९६५ चं मॉडेल, नंतर १९७७ मध्ये पांगापांगीची पाचवी अवस्था जोडली. मॉडेल वाईट नाही, भांडण झालं म्हणजे टीम बिघडली असं नसतं एवढं कळलं तरी पुरे. पण ते आधी छापून आलेल्या पन्नास लेखांचा आढावा घेऊन बनवलंय आणि त्यातले बरेच लेख थेरपी ग्रुपवरचे होते, ऑफिसच्या टीमवरचे नव्हेत, हे कुणी सांगत नाही. "तुम्ही आत्ता दुसऱ्या स्टेजमध्ये आहात" असं सर आम्हाला डॉक्टरने रिपोर्ट वाचावा तसं सांगत होते, अर्ध्या दिवसाच्या ओळखीवर!

आणि मग रस्सीखेच. हे मला लिहायलाच हवं कारण ह्याच्याइतका विनोद दोन दिवसांत दुसरा झाला नाही. टीम स्पिरिट वाढावं म्हणून आम्हाला दोन गटांत दोर ओढायला लावला. आता गंमत बघा, गटात माणूस कमी जोर लावतो हे ज्या प्रयोगातून पहिल्यांदा दिसलं तो प्रयोगच मुळात दोर ओढण्याचा आहे! रिंगेलमान नावाचा फ्रेंच शेती इंजिनियर होता, त्याने माणसांना एकेकटं आणि मग गटाने ओढायला लावून जोर मोजला, १९१३ साली छापलं. आठ जण मिळून ओढतात तेव्हा माणशी जोर एकट्याने ओढण्याच्या साधारण निम्म्यावर येतो असं त्याला दिसलं. लोक म्हणाले असेल, सगळे एकाच क्षणी ओढत नसतील म्हणून जोर वाया जात असेल. तर १९७४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी माणसाच्या मागे ओढण्याचं नुसतं नाटक करणारे लोक उभे केले, म्हणजे ओढणारा खरा एकटाच, फक्त त्याला वाटतंय की मागे बाकीचे आहेत, आणि तरीही त्याचा जोर कमी झाला. पुढे १९७९ मध्ये टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच सापडलं. (सरांच्या टाळ्यांचा आवाज का पडत होता ह्याचं उत्तर इथेच आहे.) ह्यातली कामाची गोष्ट अशी की प्रत्येकाचा वाटा वेगळा दिसतोय, मोजला जातोय असं कळलं की ही ढिलाई बरीच कमी होते. म्हणजे टीममध्ये कोण काय करतंय हे सगळ्यांना दिसायला पाहिजे, एवढा साधा धडा त्या दोरातून काढता आला असता, पण सरांनी काढला "एकी हेच बळ". असो.

दिवसाचा शेवट शॅकल्टनच्या गोष्टीने. त्याच्या नेतृत्वाखालची अंटार्क्टिका खंड ओलांडायची मोहीम, जहाज बर्फात अडकलं, १९१५ मध्ये चिरडून बुडालं, आणि त्या जहाजावरचे २८ च्या २८ लोक जिवंत परतले. गोष्ट जबरदस्तच आहे, मी दरवेळी तेवढंच लक्ष देऊन ऐकते. पण ह्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला होती, शॅकल्टन येणार म्हणून वाटेत सामानाचे साठे मांडून ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यातले तीन जण मेले. साठे मांडले गेले, वापरायला कुणी आलंच नाही. नेता तोच, मोहीम तीच. जिथे तो स्वतः हजर होता तिथे सगळे वाचले आणि जिथे नव्हता तिथलं बिघडलं, तर लीडरशिपबद्दल शिकण्यासारखं ह्या दुसऱ्या तुकडीत जास्त नाही का? आपल्यापैकी किती जणांचा लीडर रोज समोर असतो? पण ते सांगितलं तर शेवटी टाळ्या कशा पडणार.

तर पहिल्या दिवसाला माझ्याकडून दीड स्टार. तोही रस्सीखेचीत हसलो म्हणून.

दुसऱ्या दिवशी ट्रेनर म्हणून एक मॅडम आल्या, आधी बरीच वर्षं विमान कंपनीत क्रूला ट्रेनिंग द्यायच्या. माईक नाही, स्लाइड्स मोजून पाच-सहा. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, "तुमच्या टीममध्ये वाईट बातमी घेऊन येणाऱ्याचं काय होतं?" आणि गप्प बसल्या. आम्हीही गप्प. मॅनेजर खाली बघतायत, आम्ही मॅनेजरकडे बघतोय.

मग त्यांनी १९७८ च्या डिसेंबरमधला अमेरिकेतल्या पोर्टलंडचा विमान अपघात सांगितला, युनायटेड एअरलाइन्सची १७३ नंबरची फ्लाइट. उतरताना चाकांच्या बाबतीत काहीतरी गडबड वाटली म्हणून कॅप्टनने विमान घिरट्या घालत ठेवलं, जवळपास तासभर, आणि सगळं लक्ष चाकांवर. इंधन संपत आलंय हे कॉकपिटमधल्या बाकीच्यांना दिसत होतं, ते बोललेही, पण सुचवल्यासारखं, आडून आडून, कॅप्टनला ठणकावून कुणी सांगितलं नाही. शेवटी इंधन संपलं आणि विमान वस्तीजवळ पडलं, दहा जण गेले. मशीनमधला दोष किरकोळ होता, अनुभवी कॅप्टन होता, सगळी माहिती कॉकपिटमध्येच होती. त्याआधीच्या वर्षी, मार्च १९७७ मध्ये, स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून ५८३ लोक गेले होते, तिथेही एका कॅप्टनने परवानगी मिळण्याआधीच टेकऑफ सुरू केला आणि फ्लाइट इंजिनियरने शंका काढलेली ती झटकली गेली. ह्या सगळ्यातून पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं ट्रेनिंग आलं, १९७९ मध्ये नासाची कार्यशाळा झाली, १९८१ पासून युनायटेडने ते चालू केलं. त्यात दोन्ही बाजूंना शिकवतात, ज्युनियरने स्पष्ट कसं बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं कसं. मॅडमचं म्हणणं, आपल्याकडची ट्रेनिंग्ज फक्त पहिला अर्धा भाग शिकवतात, "बिनधास्त बोला", आणि बोलल्यावर समोरच्याने काय करायचं हे कुणी शिकवतच नाही.

दुसरं उदाहरण हॉस्पिटलचं. एमी एडमंडसन नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी नव्वदच्या दशकात औषध देताना होणाऱ्या चुका आणि टीम ह्यांचा अभ्यास केला, अपेक्षा अशी की चांगल्या टीमच्या चुका कमी असणार. आकडे आले उलटे, चांगल्या टीमच्या नोंदलेल्या चुका जास्त! मग खोदून बघितल्यावर दिसलं की त्या टीम चुका बोलून दाखवतात, बाकीच्या झाकतात. ह्याच धाग्यावरून पुढे १९९९ मध्ये त्यांचा सायकॉलॉजिकल सेफ्टीवरचा पेपर आला, म्हणजे चूक कबूल केली किंवा शंका काढली तरी टीममध्ये आपल्याला त्रास होणार नाही हा विश्वास. गूगलने २०१२ पासून आपल्याच १८० हून जास्त टीम तपासल्या, टीममध्ये कोण आहे ह्यापेक्षा ते एकमेकांशी वागतात कसे हे जास्त महत्त्वाचं निघालं, आणि यादीत पहिली हीच सायकॉलॉजिकल सेफ्टी. हे ऐकून आमचा एक सीनियर म्हणाला, "म्हणजे आता कुणाला काही बोलायचंच नाही का?" प्रश्न बरोबर होता कारण बऱ्याच लोकांना हे असंच वाटतं, गोड बोला, कुणाला दुखवू नका. मॅडमने फळ्यावर दोन रेघा मारून सांगितलं की सेफ्टी आहे पण कामाचा दर्जा मागितलाच जात नाही, तिथे नुसता आराम होतो, आणि दर्जा मागतात पण सेफ्टी नाही, तिथे लोक घाबरून चुका लपवतात. दोन्ही एकत्र लागतं. हे एडमंडसन ह्यांचंच मांडणं आहे, पण इतकं सोपं करून मी आधी ऐकलं नव्हतं.

आता तो मुख्य एक्सरसाइज, ज्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. सगळ्यांनी एका कागदावर लिहायचं, "आपल्या चालू प्रोजेक्टबद्दल अशी कोणती गोष्ट आहे जी सगळ्यांना माहीत आहे पण मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही?" आधी लिहायचं, मग वाचायचं, सगळ्यात ज्युनियर पहिला आणि मॅनेजर शेवटी. आधी लिहून घेतल्याने पहिला जो बोलला त्याच्यामागे बाकीचे वाहवत जात नाहीत. (एकत्र बसून आयडिया काढण्यापेक्षा वेगवेगळं बसून काढलेल्या आयडिया एकत्र केल्या तर जास्त आणि बऱ्या निघतात, हे १९५८ च्या प्रयोगात दिसलं होतं, तरी आपण अजून गोल बसून "चला बोला" करतो.) तर आमच्या निम्म्याहून जास्त कागदांवर एकच गोष्ट निघाली, रिलीजची तारीख शक्य नाहीये. निम्म्याहून जास्त! आणि दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये आम्ही सगळे "ऑन ट्रॅक" म्हणत होतो.

मॅनेजर आमचे माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं, "अरे मग हे मला आधी का नाही सांगितलंत?" मॅडमने तिथेच थांबवलं. म्हणाल्या, ह्या प्रश्नात आरोप आहे, ह्याचं उत्तर "सॉरी सर" एवढंच येणार आणि विषय संपणार. असं विचारा की सांगायला अडचण काय आली. मॅनेजर सरांनी तसं विचारलं. बराच वेळ कुणी काही बोलेना, आणि मग ती बॅजवर इंट्रोव्हर्ट लिहिलेली टेस्टिंगमधली मुलगी म्हणाली, "सर, मागच्या वेळी ज्याने प्रॉब्लेम सांगितला त्यालाच तो सोडवायला दिला होता, बाकीची कामं तशीच ठेवून. तेव्हापासून कुणी सांगत नाही."

झालं. सगळं ह्यातच आलं. सर कधी कुणावर ओरडले नाहीत, कुणाला शिक्षा केली नाही, उलट "तूच बघ, तुला ह्यातलं कळतं" असं कौतुकानेच म्हणाले होते. पण टीमला त्यातून जे शिकायचं ते टीम शिकली, जो तोंड उघडेल त्याच्या गळ्यात पडेल. लोक पोस्टर बघून बोलायचं की नाही ठरवत नाहीत, आधी जो बोलला त्याचं पुढे काय झालं ते बघून ठरवतात. मला वाटतं लीडरचं अर्धं काम इथेच आहे, वाईट बातमी आली की पुढच्या पाच मिनिटांत तो काय करतो. बाकी व्हिजन, प्रेरणा वगैरे नंतर. आणि हे शिकवायला मॅनेजर त्या खोलीत असावा लागतो, हे ज्यांना टीमला पाठवून स्वतः लॅपटॉप उघडून मागे बसायचं असतं त्यांनी लक्षात घ्या.

दुपारनंतरचा भाग भराभर गेला. टीम किती मोठी असावी ह्यावर थोडं झालं, हॅकमन नावाचे अभ्यासक टीम एक आकडीच ठेवा म्हणायचे. पाच जणांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात १०, बारा जणांत ६६, त्यामुळे माणसं वाढवली की निरोपांची गुंतागुंत माणसांपेक्षा कितीतरी वेगाने वाढते. मग २०१० चा एक अभ्यास, ६९९ लोक, छोटे छोटे गट, आणि निष्कर्ष असा की गटाची हुशारी ही त्यातल्या सगळ्यात हुशार माणसावर फारशी अवलंबून नव्हती, बोलायची संधी सगळ्यांना सारखी मिळते का आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचं कळतं का ह्याच्याशी तिचा जास्त संबंध होता. ह्या अभ्यासावर पुढे वाद झालेत, मॅडमने तेही सांगितलं, ह्याचे त्यांना वेगळे मार्क.

मला आवडलेली अजून एक गोष्ट म्हणजे त्यांनी उपाय विकले नाहीत. ऑपरेशनच्या आधीच्या सेफ्टी चेकलिस्टचं उदाहरण दिलं, जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची, १९ मुद्द्यांची. त्यात चीर देण्याआधी खोलीतला प्रत्येक जण आपलं नाव आणि काम सांगतो. आठ शहरांतल्या हॉस्पिटलच्या अभ्यासात मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. इथे कुठलाही ट्रेनर थांबला असता. पण त्या पुढे म्हणाल्या की कॅनडात ऑन्टारिओमध्ये ही चेकलिस्ट सगळ्या हॉस्पिटलना सक्तीची केली तेव्हा २०१४ च्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरकच दिसला नाही. कारणांवर मतं वेगवेगळी आहेत, पण वरून आदेश आला म्हणून टिक मारणं आणि खरंच थांबून एकमेकांना विचारणं ह्यात फरक आहे हे कुणालाही पटेल. आमच्या हातात काम संपल्यावरच्या आढाव्याचं एक कार्ड दिलं, अमेरिकन लष्करातून आलेली पद्धत, काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. देताना म्हणाल्या, हे कार्ड एचआरला फॉर्म म्हणून भरायला देऊ नका, दिलंत तर ते मेलं समजा.

उणिवा पण आहेत. वर्कबुक अत्यंत रटाळ, पहिल्या दिवसाच्याच स्लाइड्स छापलेल्या, दुसऱ्या दिवसाचं त्यात काहीच नाही. टीममध्ये एखादा माणूस खरंच काम करत नसेल तर काय, ह्या प्रश्नावर मॅडमनेही "त्याच्याशी एकट्याला बोला" एवढ्यावर उरकलं, आणि सगळ्यांनाच माहितीये की ते एवढ्यावर भागत नाही. निर्णय शेवटी कोणाचा, हा विषय तर आलाच नाही, आणि आमची निम्मी भांडणं तिथलीच असतात. ट्रेनिंगनंतर फॉलोअप सेशन पॅकेजमध्ये लिहिलेलं होतं, त्याच्या नावाखाली एक फीडबॅक फॉर्म आला ज्यात "ट्रेनरची एनर्जी कशी वाटली" हा पहिला प्रश्न.

परिणाम काय झाला विचाराल तर, रिलीजची तारीख पुढे गेली, क्लायंट वैतागला पण वेळेत कळल्यामुळे निभावलं. मॅनेजर सरांनी एक नियम केला की प्रॉब्लेम सांगणाऱ्याकडे तो आपोआप जाणार नाही, कोणाकडे द्यायचा ते वेगळं ठरेल, आणि द्यायचा तर त्याच्या हातातलं दुसरं काम काढून. हा नियम ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवला नव्हता, त्या मुलीच्या एका वाक्यातून आला. मीटिंगमध्ये ते आता शेवटी बोलतात, म्हणजे प्रयत्न करतात, मध्येच तोंड उघडतात आणि मग स्वतःच "बरं, आधी तुम्ही" म्हणतात. सगळं बदललं असं अजिबात नाही, दोन सीनियर अजूनही "ऑन ट्रॅक" वालेच आहेत.

बुक करणार असाल तर विचारून घ्या की दोन्ही दिवस एकच ट्रेनर आहे का, खेळ किती आणि तुमच्या खऱ्या चालू कामावर बोलणं किती, आणि मॅनेजर पूर्ण वेळ बसणार का. तिसऱ्याचं उत्तर "त्यांना जमेल तसं" असं आलं तर पैसे वाचवा. पर्सनॅलिटी टेस्ट काढून टाका म्हणून सांगता येतं, आमच्या एचआरला नंतर कळलं की तो भाग ऑप्शनल होता. एका दिवसाचं पॅकेज मिळतं का हेही विचारा, ब्रोशरमध्ये नसलं तरी देतात असं त्यांच्याच माणसाने जाताना हळूच सांगितलं.

एकूण पाचपैकी साडेतीन, त्यातले जवळजवळ सगळे मॅडमचे.